काजव्यांच्या आठ बंड्या: अंगावरच्या बोर्डाला सुरक्षित वीज

प्रकरण असे. शाळेच्या स्नेहसंमेलनात चौथीच्या आठ मुलांचा काजव्यांचा नाच. प्रत्येकाच्या अंगात काळी बंडी, बंडीवर बारा दिवे. स्टेजवर अंधार झाला की हे दिवे पिवळ्या-हिरव्या रंगात पेटत-विझत राहणार आणि शेवटच्या कडव्याला सगळे एकदम उजळणार. नाच पाच मिनिटांचा, तालमी मात्र तीन आठवडे. मुले उड्या मारणार, लोळणार, एकमेकांना ओढणार, घामाने भिजणार.

दिवे डब्ल्यूएस२८१२बी जातीचे. लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी एकाच डबीत असतात आणि एका डेटा तारेवर सगळे ओळीने चालतात. हे दिवे चालवणारा बोर्ड लिलिपॅड धाटणीचा: गोल, ५० मिलिमीटर व्यासाचा, कडेने टाके घालायला भोके असलेला, आत एटीमेगा३२८ चिप ८ मेगाहर्ट्झवर. मूळ लिलिपॅड लिआ ब्यूकली यांनी आखला आणि २००७ साली स्पार्कफन या कंपनीने तो बाजारात आणला. आराखडा खुला असल्यामुळे त्याच्या बऱ्याच नकला आपल्याकडे सहज मिळतात.

या बोर्डावर काय नाही हे आधी पाहावे. व्होल्टेज रेग्युलेटर नाही, फ्यूज नाही, उलटे जोडले तर वाचवणारे काही नाही. अधिक आणि उणे या दोन भोकांना जे द्याल ते थेट चिपपर्यंत पोचते. हद्द २.७ ते ५.५ व्होल्ट. वर गेलात किंवा तारा उलट्या लागल्या तर बोर्ड गेलाच. शिवणकामाला सोपा म्हणून हा बोर्ड लोक निवडतात, आणि त्या साधेपणाची किंमत वीजपुरवठ्याच्या बाजूने मोजावी लागते.

शिवून आलेली पहिली बंडी

पहिल्या नमुन्यात ५०० मिलिअँप-तास क्षमतेचा लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरीचा मऊ) पाऊच अस्तराच्या आत शिवलेला होता. त्याच्याशेजारी टीपी४०५६ चार्जरचा निळा मोड्यूल, म्हणजे बंडी अंगातून काढून तशीच मोबाइलच्या चार्जरला लावायची. कमरेपासून खांद्यापर्यंत वीज नेण्यासाठी स्टेनलेस स्टीलचा वाहक दोरा. फ्यूज नाही. स्विचही नाही, नाच संपला की प्रोग्राम दिवे विझवतो, तेच 'बंद' मानलेले.

तक्रार एवढीच होती की खांद्यावरचे दिवे मंद आणि लालसर दिसतात, आणि शेवटच्या कडव्याला बोर्ड मध्येच पहिल्यापासून सुरू होतो. त्यावर दोन उपाय सुचवले गेले होते: दोरा दुहेरी करावा आणि लिपोऐवजी चार पेन्सिल सेल लावावेत. दोन्ही उपायांनी दिवे उजळले असते. धोका मात्र वाढला असता.

दोऱ्याचा हिशेब

तीन पदरी स्टील दोऱ्याचा रोध मीटरला साधारण ३३ ओहम असतो, दोन पदरीचा ५० च्या पुढे. खांदा बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरवर धरला तर जाताना १५ ओहम आणि येताना १५, असे ३०. त्यातून ५० मिलिअँप नेले तरी दीड व्होल्ट दोऱ्यातच जिरतो. ३.७ मधून दीड गेला की उरतात २.२. एवढ्यावर निळा आणि हिरवा एलईडी पेटत नाही, लाल तेवढा कसाबसा पेटतो. खांद्यावरची लाली इथून आली. बोर्ड पुन्हा सुरू होण्याचे कारणही हेच: सगळे दिवे एकदम लागले की व्होल्टेज खाली बसते, २.७ च्या खाली गेले की चिपमधला ब्राउन-आउट पहारेकरी तिला रीसेट करतो, आणि प्रोग्राम पहिल्या ओळीवर जातो. प्रोग्रामात चूक शोधत बसणाऱ्यांनी आधी मल्टिमीटर हाती घ्यावा.

उजेड कमी पडणे हा दुय्यम प्रश्न. खरी गोष्ट शॉर्ट झाल्यावर कळते. दोरा दुहेरी केला, रोध निम्मा झाला, जाऊन-येऊन १५ ओहम. आता खांद्यापाशी दोन्ही ओळी एकमेकींना टेकल्या असे धरू. टेकायला निमित्त फार लागत नाही: दोऱ्याचे सुटलेले टोक, घामाने चिकटलेला घडीचा भाग, आणि सर्वांत जास्त म्हणजे सेफ्टी पिन. ओढणी सरकू नये, बंडी ढिली पडू नये म्हणून विंगेत शेवटच्या मिनिटाला पिना लावल्या जातातच. ती पिन दोन ओळींच्या आरपार गेली की ३.९ व्होल्ट भागिले १५ ओहम, म्हणजे २६० मिलिअँप. दोऱ्यात मिळून एक वॅट उष्णता.

एक वॅट ९० सेंटिमीटरवर पसरला तर कोमट लागेल, इतकेच. पण टेकलेली जागा पक्की नसते. ती हलते, तिचा स्वतःचा रोध कमी-जास्त होतो. तो रोध दोऱ्याच्या रोधाइतका झाला की त्या एकाच बिंदूवर पाव वॅट उतरतो. पाव वॅटचा रेझिस्टर पूर्ण भारावर बोटाने धरवत नाही, आणि इथे ती उष्णता पिनेच्या टोकाएवढ्या जागेत, नायलॉनच्या जाळीत, मुलाच्या खांद्याला लागून आहे. कातडीला दहा मिनिटे टेकून राहणाऱ्या धातूसाठी ४८ अंश सेल्सिअस ही भाजण्याची हद्द धरतात. एवढे तापमान गाठायला पाव वॅट पुरतो.

यात बॅटरीचे संरक्षण कुठे आले? संरक्षित लिपोमधले सर्किट, बहुधा डीडब्ल्यू०१ चिप आणि जोडीला स्विचसारखे काम करणारे दोन मॉसफेट, सुमारे ३ अँपिअरला तोडते. त्याला २६० मिलिअँप म्हणजे नेहमीचा भार वाटतो. ते सर्किट सेल वाचवण्यासाठी आहे, अंग वाचवण्यासाठी नाही. ५०० मिलिअँप-तासाची बॅटरी हा शॉर्ट जवळपास दोन तास पोसू शकते. अंगावरच्या सर्किटात ठिणगी पाडणारा मोठा शॉर्ट लगेच लक्षात येतो आणि कुणीतरी तो तोडते. फ्यूजच्या नजरेतून सुटणारा मधल्या करंटचा शॉर्ट जास्त वाईट.

तार जाड, म्हणजे फ्यूज जागा

म्हणून पहिला बदल वीज नेण्याच्या मार्गात. अधिक आणि उणे या दोन्ही ओळींसाठी २८ गेजची सिलिकॉन आवरणाची बहुतारी वायर. तिचा रोध मीटरला ०.२१ ओहम. सर्वांत लांबच्या दिव्यापर्यंत ७० सेंटिमीटर, जाऊन-येऊन १.४ मीटर, म्हणजे ०.३ ओहम. सगळे दिवे लागले तरी तारेत ०.०५ व्होल्टही जात नाही.

स्टीलचा दोरा टाकून द्यायची गरज नाही. बोर्डापासून पहिल्या दिव्यापर्यंतच्या डेटा ओळीत तो चालतो, कारण तिथे करंट नगण्य असतो आणि नाहीतरी ४७० ओहमचा रेझिस्टर आपण मुद्दाम घालतोच. मात्र त्याची टोके गाठ मारून अर्ध्या सेंटिमीटरवर कापावीत आणि गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब द्यावा.

दुसरा बदल फ्यूजचा, आणि तो किती मोठा हे करंटवरूनच ठरते. तो हिशेब असा. डब्ल्यूएस२८१२बी पूर्ण पांढरा लावला तर ६० मिलिअँप घेतो, तीन रंगांना वीस-वीस. बारा दिव्यांचे ७२०. पण काजवा पांढरा नसतो. हिरवा २५५ पैकी ८० आणि लाल ५० ठेवला तर रंग नेमका जमतो आणि एका दिव्याला १० मिलिअँप पुरतात. विझलेला दिवाही आतल्या चिपसाठी सुमारे १ मिलिअँप खातो. एका वेळी चारच काजवे पेटत असतील तर ४० अधिक १२, बोर्डाचे ८ धरून ६०. शेवटच्या कडव्याला बाराही लागले की १२० अधिक १२ अधिक ८, म्हणजे १४०. यापेक्षा जास्त करंट या बंडीत कधीच वाहायला नको.

१४० ला शोभणारा पॉलीफ्यूज (जास्त करंटला तापून वाट अडवणारा आणि थंड झाला की पुन्हा चालणारा फ्यूज) म्हणजे २०० मिलिअँप धरून ठेवणारा आणि ४०० ला तुटणारा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिवळ्या चकतीच्या रूपात मिळतो. मागताना धरून ठेवण्याचा आकडा सांगावा, नाहीतर अर्धा किंवा एक अँपिअरचा हातात येतो. हे आकडे २० अंशांचे असतात. अंगाशी, अस्तरात, चाळिशीत गेलेल्या तापमानाला धरून ठेवण्याची ताकद १६० च्या आसपास उतरते. १४० तरीही आत बसतो. याहून लहान फ्यूज घेतला तर नाचाच्या ऐन रंगात काजवे मरतील.

आता शॉर्टचा हिशेब नव्या तारेने करू. तार ०.३, पॉलीफ्यूजचा स्वतःचा रोध २ ते ३, सेल आणि स्प्रिंगा मिळून ०.३: एकूण तीन ओहमच्या आसपास. ३.९ व्होल्टला १.३ अँपिअर. तुटण्याच्या आकड्याच्या तिप्पट, म्हणून पॉलीफ्यूज एक-दोन सेकंदांत तुटतो. हाच फ्यूज जुन्या दुहेरी दोऱ्यावर लावला असता तर शॉर्टचा करंट २२० च्या आत राहिला असता आणि फ्यूज ढिम्म हलला नसता. जाड तार उजेडासाठी लागते असे सगळे मानतात. फ्यूजला शॉर्ट दिसावा म्हणून ती लागते, हे कारण त्याहून मोठे आहे.

फ्यूज बसवायचा तो सेलच्या अधिक टोकाला, बॅटरीच्या डबीतच. बोर्डाजवळ बसवला तर डबीपासून बोर्डापर्यंतची तार उघडी पडते, आणि पिन नेमकी तिथेच शिरते. तुटलेला पॉलीफ्यूज शंभर अंशांच्या आसपास तापतो. तो डबीच्या मोकळ्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकला किंवा कापडाला न टेकता ठेवावा.

लिपो का नको

वजनाने लिपो जिंकतो. ५०० मिलिअँप-तासाचा पाऊच दहा ग्रॅमचा, तर तीन ट्रिपल-ए सेल आणि डबी मिळून पंचेचाळीसच्या घरात. तरीही या प्रकरणात लिपो बाद केला, आणि मुख्य कारण पुन्हा सेफ्टी पिनच. मऊ पाऊचमधून पिन गेली की आतले थर एकमेकांना टेकतात आणि आग लागते. बाहेर कितीही फ्यूज असले तरी उपयोग नाही, कारण शॉर्ट सेलच्या पोटात आहे. घडीत सापडून पाऊच वाकणे, मुलाने त्यावर लोळणे हेही त्याच वाटेने जाते.

दुसरे कारण चार्जिंग. टीपी४०५६ चा मोड्यूल येतो तो १ अँपिअरवर बेतलेला. त्यावरचा '१२२' लिहिलेला रेझिस्टर १.२ किलोओहमचा असतो. ५०० मिलिअँप-तासाच्या पाऊचला हा दर दुप्पट ते चौपट जास्त आहे. १२०० भागिले ओहम म्हणजे अँपिअर, हे त्याचे सूत्र. ५.१ किलोओहम लावला की २३५ मिलिअँप येतात, आणि तो दर योग्य. मोड्यूलवर तापमानाची पिन उणे ओळीला जोडलेली असल्याने पाऊच तापला तरी चार्जरला पत्ता नसतो. शिवाय बंडी चालू ठेवून चार्ज केली तर बोर्डाचा आणि दिव्यांचा करंट चार्जरला सेलचाच वाटतो. करंट ठरावीक हद्दीखाली उतरत नाही आणि चार्जिंग संपतच नाही. अ‍ॅडाफ्रूट या कंपनीने फ्लोरा या अंगावर शिवायच्या बोर्डावर लिपो चार्जर मुद्दाम ठेवला नाही, कारण कापडावर लिपो चार्ज करणे हे आगीला आमंत्रण. त्यांचा हा निर्णय पटण्यासारखा आहे.

तिसरे कारण स्विच नसण्याशी जोडलेले. प्रोग्रामने विझवलेले बारा दिवे १२ मिलिअँप खात राहतात, बोर्ड वेगळा. शुक्रवारच्या तालमीनंतर पेटीत टाकलेली बंडी सोमवारी काढेपर्यंत ५०० मिलिअँप-तास संपलेले असतात. संरक्षण सर्किट २.४ व्होल्टला तोडते, पण ३ व्होल्टच्या खाली वारंवार गेलेला लिपो तोवर खराब होऊ लागलेला असतो, आणि पुढच्या चार्जिंगला तो फुगतो.

कुणाला लिपोच हवा असेल तर संरक्षित पाऊच, कडक प्लॅस्टिकच्या डबीत, चार्जिंग बंडीबाहेर, आणि कनेक्टरची दिशा मल्टिमीटरने तपासल्याशिवाय जोडणी नाही. बाजारातल्या पाऊचवर दोन पिनांच्या जेएसटी कनेक्टरमध्ये लाल तार कधी डावीकडे असते, कधी उजवीकडे. या बोर्डाला ती चूक पहिल्याच वेळी महागात पडते.

तीन ट्रिपल-ए

तीन एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड, पुन्हा चार्ज होणारे) ट्रिपल-ए सेल: नाममात्र ३.६ व्होल्ट, नुकते चार्ज केलेले असताना ४.२ च्या जवळ, क्षमता ७५० ते ८०० मिलिअँप-तास. सरासरी ६० मिलिअँपला बारा तास पुरतात. तालमीला रोज तास-दीड तास धरला तर आठवड्यातून एकदा चार्जिंग. डबी झाकणाची, स्क्रूची, स्विच असलेली घ्यावी.

शेवटच्या कडव्याला पॉलीफ्यूजमध्ये सुमारे ०.३५ व्होल्ट जातात आणि दिव्यांना ३.३५ च्या आसपास मिळतात. डेटाशीटमधल्या खालच्या हद्दीपेक्षा हे थोडे कमी आहे. लाल-हिरव्या काजव्याला फरक पडत नाही, निळा मात्र फिका पडेल. म्हणून रंगाची निवड आणि विजेची निवड एकत्रच करावी लागते. बोर्ड आणि दिवे एकाच फ्यूजनंतर एकाच बिंदूवरून जोडावेत. म्हणजे डेटाची उंची आणि दिव्यांचे व्होल्टेज बरोबरीने खाली-वर होतात आणि लेव्हल शिफ्टरची, म्हणजे डेटाचे व्होल्टेज जुळवणाऱ्या वेगळ्या चिपची, भानगड उरत नाही.

साधे अल्कलाइन सेलही चालतात: तीन नवे मिळून ४.८, दिव्यांच्या ५.३ च्या हद्दीत. झिंक-कार्बनचे स्वस्त सेल टाळावेत. १४० मिलिअँपला ते लवकर बसतात आणि गळतात. जुने-नवे मिसळू नयेत, कारण कमी उरलेला सेल बाकी दोघांकडून उलटा चार्ज होतो आणि गळून डबी खातो. चार सेलची डबी मुळीच नको. चार नवे अल्कलाइन ६ च्या वर जातात, तिथे बोर्डही संपतो आणि दिवेही. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचे तेच.

पॉवर बँक अनेकांना सुचते. ६० मिलिअँपचा भार इतका किरकोळ असतो की बहुतेक पॉवर बँका मोबाइल काढला असे समजून स्वतःला बंद करतात. आणि बटण सेल, सीआर२०३२? एवढे दिवे तो ओढू शकत नाही. त्याहून महत्त्वाचे, लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. बालवाडीच्या पोशाखात स्क्रूविना उघडणारी बटण सेलची डबी नसावीच.

बांधणी

एका बंडीला लागणारे सामान: बोर्ड, बारा दिवे, २८ गेजची लाल आणि काळी सिलिकॉन वायर दीड-दीड मीटर, २०० मिलिअँपचा पॉलीफ्यूज, ४७० ओहमचा रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरड १० व्होल्टचा कपॅसिटर, दोन पिनांची जेएसटी-एसएम कनेक्टरची जोडी, ट्रिपल-ए तीनची डबी, श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसून सांधा झाकणारी नळी), गरम गोंद.

डबी उघडून अधिकच्या पत्र्यावरून स्विचकडे जाणारी तार कापावी आणि मध्ये पॉलीफ्यूज सोल्डर करावा. डबीच्या तारेला कनेक्टरचा तो भाग लावावा ज्यात धातू आत झाकलेला आहे. उघड्या पिनांचा भाग बंडीकडे. सुटलेल्या कनेक्टरमध्ये वीज डबीच्याच बाजूला असते, तिथे उघडी पिन असता कामा नये. कनेक्टरचे कुलूप नखाने थोडे घासून ढिले केले की मुलाने ओढल्यावर तो सुटतो आणि तार तुटत नाही.

दिव्यांच्या जोडणीत तार कुठे मोडते? सोल्डर जिथे संपते तिथेच, कारण सोल्डर शोषलेली तार कडक झालेली असते. म्हणून प्रत्येक दिव्याच्या दोन्ही बाजूंना एक सेंटिमीटरवर तार साध्या दोऱ्याने कापडाला टाचावी, दोन टाच्यांमध्ये थोडी ढील ठेवावी आणि सांध्यावर गरम गोंद घालावा. खांद्याला आणि काखेत तार नागमोडी न्यावी. कपॅसिटर पहिल्या दिव्याजवळ. उणे पायाची पट्टी नीट पाहून. तारांच्या मागे सुती अस्तर, म्हणजे घाम आणि सांधे वेगळे राहतात. डबी कमरेच्या मागे, बंडीच्या बाहेरच्या खिशात, वेल्क्रोच्या झाकणाने.

प्रोग्राम चढवताना

या बोर्डाला यूएसबी नसते. सहा पिनांचा एफटीडीआय मोड्यूल (संगणकाच्या यूएसबीला बोर्डाशी जोडणारा) लावून प्रोग्राम चढवतात, आणि त्याची वीजपिन थेट बोर्डाच्या अधिक ओळीला जाते. मध्ये डायोड नाही. बॅटरीची डबी जोडलेली आणि चालू असताना मोड्यूल लावला तर संगणकाचे ५ व्होल्ट सरळ सेलमध्ये शिरतात. ट्रिपल-ए तापतील. लिपो असता तर तो ४.२ च्या पुढे कोणत्याही नियंत्रणाशिवाय चार्ज झाला असता. म्हणून नियम एकच: मोड्यूल लावण्याआधी कमरेचा कनेक्टर हाताने सोडवायचा. स्विचवर विसंबायचे नाही.

प्रोग्रामात उजेडाला मर्यादा घालावी. फास्टएलईडी लायब्ररीत एकूण मिलिअँप बांधून देण्याची सोय आहे. तिथे १४० टाकावेत. ही सोय बॅटरीचे आयुष्य वाढवते, सुरक्षितता तिच्यावर सोपवू नये. डेटा ओळ तुटली किंवा भलताच संदेश गेला तर दिवे पांढरे होऊन ७२० मागू शकतात, आणि तिथे पॉलीफ्यूजच कामाला येतो. चिप स्वतःच्या १.१ व्होल्टच्या संदर्भावरून पुरवठा मोजू शकते. तो संदर्भ दर चिपला दहा टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे असतो, त्यामुळे प्रत्येक बोर्डाचा आकडा एकदा मल्टिमीटरशी जुळवून प्रोग्रामात लिहावा. दिवे विझलेले असताना ३.३ च्या खाली आले की पहिला दिवा लाल लुकलुकावा. विंगेतल्या माणसाला तेवढी खूण पुरते.

तपासणी

सेल घालण्याआधी बंडीकडच्या कनेक्टरवर मल्टिमीटर ओहमवर. आकडा शून्याजवळ चिकटून राहिला तर शॉर्ट आहे. हळूहळू चढत गेला तर कपॅसिटर भरतो आहे, ते ठीक. आता मीटर तसाच लावून बंडी चुरगळावी, पिळावी, कुणाच्या तरी अंगात घालून हात वर-खाली करायला लावावेत. सपाट टेबलावर निर्दोष दिसणारे सांधे इथे बोलतात.

मग करंट. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात लावावी. स्वस्त मीटरच्या मिलिअँप भोकातला फ्यूज २०० च्या आसपासचा असतो आणि पहिल्याच धक्क्याला जातो. चार काजव्यांना ६०, बाराला १४० च्या जवळ आकडा यावा. १८० दिसले तर रंगाचे आकडे पुन्हा पाहावेत.

शेवटी प्रत्येक डबीची शॉर्ट चाचणी. बंडी सोडवून डबीचा कनेक्टर मुद्दाम तारेच्या तुकड्याने जोडायचा. दोन-तीन सेकंदांत करंट शंभरेक मिलिअँपवर घसरला पाहिजे. घसरला नाही तर पॉलीफ्यूज चुकीचा आहे किंवा त्याला वळसा घालून तार गेली आहे. ही चाचणी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी करावी, विंगेत नाही: नुकत्याच तुटलेल्या पॉलीफ्यूजचा रोध काही काळ चढाच राहतो, ४ ओहमपर्यंत, आणि सेल उतरलेले असतील तर शेवटच्या कडव्याला बोर्ड रीसेट होऊ शकतो. चाचणी झाली की बंडी पंधरा मिनिटे सलग चालवून प्रत्येक सांधा मनगटाच्या आतल्या बाजूने चाचपावा. कोमटपेक्षा जास्त लागलेली जागा उघडून पाहावी.

विंगेत

आठ बंड्यांचे २४ सेल, वर दोन भरलेल्या डब्या जादा. चार खणांचा चार्जर असेल तर ३० सेलना आठ खेपा लागतात, तेव्हा दोन दिवस आधी सुरुवात करावी. जुने चार्जर जोडीनेच चार्ज करतात. तिथे वेगवेगळ्या डब्यांमधले कमी-जास्त भरलेले सेल जोडीला लावू नयेत. डब्यांवर क्रमांक टाकावेत आणि सेल त्याच डबीत परत जावेत.

पिना कुठे लावायच्या हे आधीच ठरवावे. बंडीच्या आतून खडूने तारांचा मार्ग आखून ठेवला तर कपडे घालणाऱ्या ताईंना तो दिसतो. त्यापेक्षा बरे म्हणजे पिनांची गरज पडेल तिथे आधीच हुक आणि इलॅस्टिक शिवणे. चटका लागला, वास आला, दिवे विचित्र झाले तर काय करायचे हे मुलांना एकदा करून दाखवावे: कमरेची तार ओढायची. नऊ वर्षांचे मूल हे सहज करते, स्विच शोधायला सांगितले तर गोंधळते.

कार्यक्रमानंतर सेल डबीतून काढून ठेवावेत. बंडी धुवायची असेल तर कमरेचा कनेक्टर सोडवून हाताने, थंड पाण्यात, न पिळता. दोन दिवस सावलीत पूर्ण सुकल्याशिवाय डबी जोडू नये.

याच बंड्यांवर कधी पांढरा चंद्रप्रकाश हवा झाला तर आकडे बदलतात. पांढऱ्याला निळा लागतो आणि निळ्याला व्होल्टेज, म्हणून एनआयएमएच सोडून तीन अल्कलाइन. उजेड एक चतुर्थांशावर बांधला तर दिव्याला १५, बाराला १८०, बाकीचे धरून २०० मिलिअँप. पॉलीफ्यूज ३०० धरणारा आणि ६०० ला तुटणारा. त्याचा रोध ओहमभरच असल्याने व्होल्टेजही कमी जाते. तार, तिची जागा आणि कनेक्टर तेच. शॉर्टचा करंट सुमारे २ अँपिअर येतो, म्हणजे तुटण्याच्या आकड्याच्या तिप्पट, आणि त्याची चाचणी नव्याने करावी लागते.